जाड आट्यांचा पंखा

नाना, तुमच्या सागाच्या पंख्यावर मी विमान उडू दिलं नाही. दुसरं काही लिहिण्याआधी हे लिहून टाकतो, कारण शेवटी लिहीन म्हटलं तर मी शेवटापर्यंत पोचणारच नाही. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मोटरीत नवी तार भरून, वार्निश वाळवून, गिऱ्हाइकाच्या ट्रॅक्टरवर चढवून झाली तरी मी मागून धावत जायचो आणि वायरींची टोकं पुन्हा एकदा हाताने ओढून बघायचो. तुम्ही दुकानाच्या पायरीवरून ओरडायचात, “अरे, लगीन लाई दिधं ना पोरनं, आते काब्र मांगे पयस?” रस्त्यावरचे लोक हसायचे, ट्रॅक्टरवाला हसायचा, आणि मी टोकं बघूनच परत यायचो.

पारोळ्याचं आपलं मोटर रिवायंडिंगचं दुकान अजून तिथेच आहे, किल्ल्याच्या खंदकाच्या बाजूला. बाहेरचा बोर्ड तुमच्याच नावाचा आहे. नववीनंतर माझी शाळा सुटली, दोन-चार ठिकाणी हात काळे करून मी तुमच्याकडे आलो, तेव्हा तुम्ही घरीच बांधायला घेतलेल्या विमानाचं काम नुकतं सुरू झालं होतं. माझ्या मनात त्या दोन गोष्टी कधीच वेगळ्या झाल्या नाहीत. दिवसा आपण पाण्यातल्या मोटरी भरतो, आणि दुकान बंद करून तुमच्या घरामागच्या शेडमध्ये ॲल्युमिनियमच्या नळ्या कापतो. नकाशे तुम्ही टपालाने मागवलेले. त्यातलं इंग्रजी तुमची लेक, अक्का, वाचून दाखवते, मापं तुम्ही भिंतीवर खडूने मराठीत लिहिता. पंख तयार झाले तसे कापसाच्या खोलीत आडव्या वाशांना टांगले, आणि दर हंगामात कापूस घरात आला की ते उचलून ओसरीत आणायचे, कापूस विकला की परत आत न्यायचे. एकदा बाजारात कुणीतरी तुम्हाला विचारलं होतं, “नाना, इहीरमा उतरनाऱ्या मोटरा भरतस तुम्ही, आते आभायमा चढनारी भरशात का?” तुम्ही म्हणालात, “भरसू. तुले दोरी धराले बलावसू.” तो माणूस आता नाही, पण चाचणीसाठी विमान झाडाला बांधलं तेव्हा त्याचा मुलगा दोरी धरायला आला होता. त्याला मी ही गोष्ट सांगितली, तर म्हणाला, “मंग बरोबरच शे. आमनं घरनंच काम शे ते.”

तुम्ही गेलात तेव्हा सांगाडा उभा होता, पंखांवर कापड चढलं होतं, इंजिन यायचं होतं, आणि पंखा तयार होता. तो तुम्ही सर्वांत आधी करून ठेवला होता. सागाच्या पट्ट्या एकावर एक चिकटवून, रंधा आणि कानस मारून, काचेच्या तुकड्याने खरवडून. शेवटी शेवटी तर तुम्ही जेवताना ताटाशेजारी तो घेऊन बसायचात आणि नानी म्हणायची, “त्यालेबी वाढू का?” तुम्ही गेल्यावर नानीने तो पुसला आणि तुमच्या फोटोशेजारी भिंतीवर उभा टांगला. खंडेनवमीला बाकीच्या घरांत पाना-हातोडीची पूजा होते, आपल्या घरात त्या पंख्याची. हळदकुंकू, झेंडूचा हार, हारावर पाणी शिंपडायचं म्हणजे फुलं टवटवीत राहतात. इतकी वर्षं एकही खंडेनवमी चुकली नाही. वरून हार उतरवून नवा घालताना नानी त्याच्याशी काहीतरी बोलते. काय बोलते ते मी कधी ऐकायला गेलो नाही.

विमान पुरं करायचं हे अक्काने ठरवलं. धुळ्याला शाळेत शिकवून, दर शनिवारी एसटीने पारोळ्याला येऊन, परवानग्यांचे कागद तिने ज्या चिकाटीने मिळवले ती चिकाटी तुमची आहे, फक्त आवाज तुमच्यापेक्षा मोठा आहे. इंजिन आलं, बसलं, सुरू झालं. पहिलं उड्डाण करायला एक निवृत्त कॅप्टन तयार झाले. गमतीदार माणूस. त्यांनी येऊन सगळं तपासलं, आधीच कसलेले नट मी त्यांच्यासमोर पुन्हा कसतोय हे पाहिलं, आणि म्हणाले, “अरे बाबा, त्या नटांना जरा झोपू दे.” मग पंख्याची चौकशी केली. अक्काने भिंतीकडे बोट दाखवलं. ते बराच वेळ पाहत राहिले. “काम सुंदर आहे,” म्हणाले. “पण कुठला पंखा लावायचा ते इंजिनाला विचारून ठरव. भिंतीला विचारून नको.” आणि हे ते अक्काला नाही, मला म्हणाले. त्या दिवसापासून माझी झोप गेली.

नाना, पंखा निवडणं म्हणजे काय ते तुम्हीच मला शिकवलंत. दोनच गोष्टी बघायच्या. लांबी किती आणि पात्याचा कोन किती. लांबी जमिनीने ठरवलेली असते. चाक खड्ड्यात गेलं, नाक खाली वाकलं, तरी टोक मातीला लागता कामा नये. तिथे तुमचं माप अगदी चोख होतं. आणि कोन म्हणजे आटे. बोल्टाला बारीक आटे असले की एका फेऱ्यात तो थोडाच आत जातो पण हाताला हलका लागतो. जाड आटे असले की एका फेऱ्यात खूप आत जातो, पण फिरवायला जोर लागतो. पंखा हा हवेत जाणारा बोल्टच. बारीक आट्यांचा लावला तर विमान चटकन उचलेल पण पुढे पळणार नाही. जाड आट्यांचा लावला तर वर गेल्यावर पळेल खरं, पण आधी वर जायला तर हवं. हे सगळं तुम्ही मला शेडमध्ये, हातात खरोखरचे दोन बोल्ट घेऊन सांगितलं होतं.

मी तुमचा पंखा उतरवला, पुसला, लावला. विमानाची शेपटी शेडमागच्या कडुनिंबाला दोराने बांधली आणि मध्ये कापूस तोलायचा लटकता काटा अडकवला, म्हणजे विमान किती किलोने ओढतं ते दिसावं. इंजिन तापवलं आणि पूर्ण सोडलं. कडुनिंबाचा पाला आमच्या अंगावर बरसला, शेजारच्यांच्या कोंबड्या कुठल्या कुठे गेल्या, अक्का कानांवर हात ठेवून हसत होती. मी मात्र फेऱ्यांच्या मीटरकडे पाहत होतो. सहा हजारांच्या घरात जायला हवं ते इंजिन पाच हजारांवरच घुटमळत होतं. आवाजही नीट नव्हता. चढणीवर भरलेला ट्रक वरच्या गिअरमध्ये टाकल्यावर येतो तसा, आतून कण्हणारा. आणि काटा जिथे जायला हवा होता त्याच्या बराच अलीकडे थांबला.

मी इंजिन बंद केलं आणि पहिली गोष्ट काय केली असेल? इंजिनाला दोष दिला. कार्बुरेटर खोलला, प्लग बदलले, पेट्रोल गाळून भरलं. इंजिनात खोट निघावी म्हणून मी मनातल्या मनात हात जोडत होतो, नाना. ती निघाली नाही. मग कोनमापक घेऊन तुमच्या पंख्याजवळ बसलो. मुळापासून टोकापर्यंत दर ठिकाणी दोन्ही पात्यांचा कोन एकमेकांशी जुळणारा, केसाचाही फरक नाही. दोन्हीकडे तंतोतंत, आणि दोन्हीकडे जास्त.

तुम्ही असं का केलं असेल, यावर मी पुष्कळ विचार केला. तुम्हाला बोल्ट कळत होता, गणित कळत होतं. आणि मग एके दिवशी दुकानात फैजपूरकडचा एक केळीवाला आला. त्याच्या पंपाची मोटर आपण भरली होती. तो म्हणाला, “हलकी चालते हो ती, लोड घेत नाही. पंपातला पंखा एक नंबर मोठा टाका.” मी सवयीने अँपिअरचा काटा बघितला आणि हो म्हणालो. ‘हो’ म्हणता म्हणताच मला तुमचं उत्तर मिळालं. आपली सारी जिंदगी विजेच्या मोटरीवर गेली. ती मोटर लोड टाकला तरी फेरे सोडत नाही, जास्त करंट खेचते आणि तेवढ्याच वेगाने फिरत राहते. म्हणून आपल्या दुकानाचा धर्मच तो, मोटरीला पोटभर लोड द्यायचा, काटा पुरता वर चढलेला पाहायचा, मग काम चोख झालं म्हणायचं. हलकी चालणारी मोटर म्हणजे आपली बदनामी. तुम्ही त्याच हाताने पंखा घडवलात. इंजिनाला पोटभर लोड दिलात. पण पेट्रोलचं इंजिन मागून करंट खेचू शकत नाही. ते ओझ्याखाली वाकतं, फेरे सोडतं, आणि फेऱ्यांबरोबर ताकदही सोडतं. आणि हे कळायला तुमच्या हयातीत शेडमध्ये इंजिनच आलं नव्हतं. चूक तुमची आहे, पण ती आपल्या सगळ्या दुकानाची आहे. तुमच्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं, फक्त इतकं सुंदर केलं नसतं.

अक्काला फोनवर सांगितलं तर ती पुढच्या शनिवारची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी आली. “टोकं थोडी कापून चालणार नाही का?” तिने विचारलं. चाललं असतं. टोकं कापली असती तर इंजिन मोकळं फिरलं असतं, पण आखूड पंख्याने ओढ आणखी कमी केली असती. शिवाय कापलेलं लाकूड परत जोडता येत नाही. मी करवत हातात घेऊन पाहिली होती, खोटं कशाला बोलू. तेवढ्यावर ठेवून दिली. तिला म्हणालो, “अक्का, बाहेरून तीन पात्यांचा पंखा मागवू. त्याच्या पात्यांचा कोन जमिनीवर उभ्या-उभ्या बदलता येतो. झाडाला बांधून, काटा बघून, थोडा थोडा कमी करत जाऊ.” खरं सांगायचं तर माझ्यासारख्या माणसासाठीच तो पंखा बनवलेला असावा. चुकलं तर परत सोडून कसता येतं.

ती एकदम चिडली. “मग इतकी वर्षं आपण काय केलं? कोणासाठी केलं? विकतचा पंखा लावून उडवायचं असतं तर अख्खं विमानच विकत घेतलं असतं!”

“कॅप्टनना वर पाठवायचं आहे, अक्का. त्या पंख्यावर विमान उचललं नाही, किंवा अर्धवट उचललं, तर?”

आम्ही स्वयंपाकघरात होतो, नानी शेवभाजीला फोडणी देत होती आणि तिची आमच्याकडे पाठ होती. मग अक्का हळूच म्हणाली, “भिंतीवर टांगून टांगून बिघडला का रे तो? ओल धरली असेल. दर वर्षी ते पाणी, ते हार.”

नाना, मला पळवाट मिळाली होती. नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. तुमचं माप शाबूत राहिलं असतं, पारोळ्यात तुमचं नाव शाबूत राहिलं असतं, आणि अक्काचा रागही उतरला असता, कारण ओलीवर कोण रागावणार. पण नानीने पळी खाली ठेवली. वळली नाही. तेल तडतडत होतं आणि ती गॅस कमी करत नव्हती. मग म्हणाली, “मी बिघाडा का रे तो?”

तो आवाज मी ओळखतो. दुकानात मोटर जळली की तुमचा पहिला प्रश्न असायचा, “हात कोनी लावा?” का जळली हे नंतर. आधी हात कोणाचा. मला तो प्रश्न महिन्यातून एक-दोनदा यायचा आणि मी संध्याकाळी घरी जायचो. नानीला घरी जायला दुसरं घर नव्हतं. रेडिओ बंद पडला, दूध नासलं, अक्काचे मार्क कमी आले, हात कोनी लावा. तुम्ही कधी तिच्यावर ओरडला नाहीत, मला ठाऊक आहे. फक्त विचारायचात.

“नही, नानी,” मी म्हणालो. मी सहसा तिच्याशी शुद्ध बोलतो, त्या वेळी नाही जमलं. “तुम्ही नही बिघाडा. नानासनं मापच जास्त व्हतं.”

आता ती वळली. “त्यासनं माप? चुकनं?”

मी तिला आटे समजावले. बोल्ट हाताशी नव्हते, तोंडानेच सांगत गेलो, जाड आटे, बारीक आटे, इंजिनाला फिरवायला पडणारा जोर. मला वाटलं तिला कळत नाहीये. पण ती मध्येच म्हणाली, “हाई तर त्या सोऱ्यामायकच व्हयनं!” आणि फळीवरून शेवेचा जुना पितळी सोऱ्या काढून तिने माझ्या हातात दिला. मूठ फिरवली की दट्ट्या खाली जातो, तसला. म्हणाली, जुन्या दांड्याला हळू काम होतं म्हणून तुम्ही एका दिवाळीला लेथवर नवा दांडा करून आणला होतात, अर्ध्या वेळात शेव पडेल असं सांगून. मी दांडा पाहिला. बोटभर जाड आटे. काम अप्रतिम, आणि फिरवायला पैलवान हवा. “माले फिरेच ना,” नानी सांगत होती. “मनगट सुजी गये. तर ह्या म्हनतस, तुना हातमाच जोर नही. मी आपली शेजारनीना सोऱ्या मांगी मांगी शेव पाडू.” ती हसायला लागली. आधी थोडं, मग पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. अक्काही हसू लागली. “चाळीस वरीस या घरमा जे बिघडनं ते मीच बिघाडं,” नानी म्हणाली. “एक तरी त्यासनी बिघाडं. बरं व्हयनं रे भाऊ. माले लई बरं वाटनं.”

फोडणी जळली होती. तिने ती ओतून दुसरी केली आणि कोणी काही विचारलं नाही.

नवा पंखा आला. झाडाला बांधून, पाती थोडी थोडी फिरवून, मी कितीदा इंजिन सोडलं ते सांगत नाही, शेजाऱ्यांनी कोंबड्या मामाच्या गावी पाठवल्या एवढं सांगतो. फेरे मिळाले, काटा पुढे गेला. मग विमानाचे पंख सुटे करून, सगळं दोन गाड्यांवर लादून धुळ्याजवळच्या धावपट्टीवर नेलं, तिथे जोडलं. सकाळी वारा पडलेला असताना कॅप्टन बसले. मी पंख्याचे नट बघायला पुढे झालो तर त्यांनी नुसती भुवई वर केली. मी मागे सरलो आणि हात खिशात घातले. विमान पळालं आणि मला वाटलं त्याच्या बरंच आधी जमिनीवरून सुटलं. दोन चकरा झाल्या. शिरपूरच्या अंगाला ते एवढंसं दिसत होतं. अक्का रडत होती. नानी कपाळावर हात धरून पाहत होती आणि दर थोड्या वेळाने मला विचारत होती, “आते खाले कव्हय येस तो?” उतरल्यावर कॅप्टन म्हणाले, “चांगलं ओढतं.” मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, जुन्या पंख्यावर काय झालं असतं? त्यांनी धावपट्टीच्या शेवटी असलेल्या बाभळींकडे बघितलं. “उचलत नाही हे तिथपर्यंत कदाचित कळलंच नसतं,” म्हणाले.

तेव्हापासून नानी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. दूधवाल्याला, भिशीच्या बायकांना, बोर्ड रंगवायला आलेल्या पेंटरला. “इमान उडनं, पन यासना पंख्यावर नही. यासनं माप चुकनं व्हतं.” आणि इतक्या कौतुकाने सांगते की ऐकणाऱ्याला वाटावं तुम्ही काही पराक्रम केलात. फोटोतल्या तुमच्याकडे बघून हसते. मला तुमचं वाईट वाटतं, नाना. तिचं बघून बरंही वाटतं. दोन्ही एकदम वाटतं आणि मी दुकानात जाऊन बसतो.

आता राहिलेलं सांगतो. हे पत्र ठेवून दिलं तर कधी ना कधी अक्काच्या हाती लागेल, आणि तिला एकदा सापडलेली गोष्ट नानीपासून लपत नाही, म्हणून ते उद्या सकाळी अंघोळीच्या बंबात जाईल. तुमचा पंखा विमानाला लावण्याआधी मी तो गुळगुळीत सळईवर ठेवून तोलून पाहिला होता. दर वेळी एकच पातं खाली गेलं. भिंतीवर जे खालच्या बाजूला होतं ते. त्यात ओल उतरली होती. फार नव्हती. सावलीत ठेवून, सुकवून, दुसऱ्या पात्यावर वार्निशचा एक हात जास्त देऊन मी वजनातला फरक भरून काढला, मगच पंखा लावला, आणि खरी अडचण कोनाची असल्यामुळे त्या ओलीने काहीच फरक पडणार नव्हता. पण ओल होती. सोऱ्या काढला त्या दिवशी जेवायला वाढताना नानीने मला पुन्हा विचारलं होतं, “हारवरी, पानीवरी काहीच व्हयनं नही ना?” मी म्हणालो, काहीच नाही. सगळं तुमच्यावर टाकलं, नाना, आणि ते मी तिथेच राहू देणार आहे.